मानाची दहा मिनिटं

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५. सकाळी गारवा, दुपारी कडक ऊन. नळाला पाणी आलं नाही. हरभऱ्याचे ढाळे घेतले, दाणे कोवळे निघाले. सुकेशनी सकाळीच मैदानावर गेली. दत्तराव जेवणाच्या वेळेला आले, दोनदा चहा घेतला, जेवूनच गेले. पुढच्या रविवारी झरीशी सामना. दत्तराव म्हणाले, वर जाऊन करायचं काय. मी काही बोलले नाही.

डायरीत लिहिलं तसं कुसुमबाई काही बोलल्या नाहीत हे खरं, पण चहाची दुसरी कपबशी त्यांनी दत्तरावांपुढं ज्या आवाजात ठेवली त्यात बरंच काही होतं. दत्तरावांना ते ऐकू आलं नाही. आपल्या कौतुकाखेरीज दुसरं काही ऐकू येऊ न देण्याची सवय त्यांनी चौऱ्याहत्तर वर्षं जोपासली होती.

दत्तराव हे कुसुमबाईंचे धाकटे दीर. थोरले, म्हणजे कुसुमबाईंचे पती, पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते आणि मरेपर्यंत मोजकं बोलले. त्या घराण्यातलं सगळं बोलणं धाकट्याच्या वाट्याला आलं असावं. दत्तरावांची नोकरी येलदरीला, धरणाच्या वीजघराच्या स्टोअरमध्ये. कॉलनीत त्या काळी बंगाल आणि केरळकडचे काही इंजिनिअर होते. ते संध्याकाळी फुटबॉल खेळत. दोन बाजूंना पुरेशी माणसं कधी भरत नसत, पण रेषेवर बावटा धरून उभा राहायला एक माणूस मिळाला. तो दत्तराव. साहेबलोक घामाघूम व्हायचे आणि दत्तराव बावटा वर करायचे. अकरा वर्षं त्यांनी बावटा धरला. चेंडूला त्यांचा पाय कधी लागला नाही. एकदा चेंडूच त्यांच्या कानशिलाला लागला, तेवढाच त्यांचा आणि खेळाचा संबंध. पुढं इंजिनिअर बदलून गेले, बावटा दत्तरावांकडं राहिला, आणि त्या बावट्याच्या भांडवलावर ते परभणीला येऊन फुटबॉलमधले जाणकार झाले. नवज्योत स्पोर्टिंग क्लबचे संस्थापक-अध्यक्ष, आणि जिल्ह्यातल्या हौशी फुटबॉल मंडळाचे कायमचे चिटणीस.

अडचण एवढीच होती की त्यांच्या वहिनीला फुटबॉल कळत होता.

कुसुमबाई सिकंदराबादेत वाढल्या. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर. आपली लेक शिकली पाहिजे म्हणून त्यांनी सिस्टरांच्या हातापाया पडून तिला कॉन्व्हेंटात घातली. त्या काळी हैदराबादेत फुटबॉल बघायला माणसं झाडावर चढून बसत. वडील रविवारी लेकीला मैदानावर नेत, शेंगांचा पुडा हातात देत आणि कोण कुठं पळतोय, का पळतोय, हे समजावून सांगत. नवव्या वर्षी कुसुमला ऑफसाइड कळला होता, आणि त्याच वर्षी सिस्टरांनी रोज रात्री डायरी लिहायची सवय लावली होती. लग्न होऊन त्या परभणीला आल्या तेव्हा इथं फुटबॉलच नव्हता, याचं त्यांना वाईट वाटलं होतं. नंतर दत्तरावांनी तो आणला, आणि नव्हता तेच बरं होतं, असं त्यांचं मत झालं.

जिल्ह्यात आज अकरा क्लब आहेत, चार श्रेणी आहेत आणि सतरा पदाधिकारी आहेत. सगळ्यात वर महाश्रेणी. तिथले क्लब स्वतःला व्यावसायिक म्हणवतात. पालमचा क्लब त्यातला. व्यावसायिक म्हणजे काय, तर क्लबचा अध्यक्ष, ज्याचं सिमेंट आणि पत्र्याचं दुकान आहे, खेळाडूंना एसटीचं भाडं देतो आणि सामना जिंकला तर भजी खाऊ घालतो. हरला तर भजी नाहीत. त्याखाली विशेष श्रेणी. तिथं भाडं मिळतं, भजी ज्याची त्यानं खायची. त्याखाली सुपर श्रेणी; तिथं भाडंही ज्याचं त्यानं भरायचं, पण गोलाला जाळी मिळते. ही जाळी येलदरीच्या भोयांकडून आणलेली, मासे धरायची. ऊन तापलं की तिचा वास सुटतो आणि गोलकीपर नाकाला रुमाल बांधतो. आणि सुपरच्याही खाली, अगदी तळाला, प्रथम श्रेणी. तिथं जाळी फक्त शेवटच्या सामन्याला.

तळाच्या श्रेणीला प्रथम का म्हणायचं, असं बाहेरगावचा माणूस विचारतो. त्याचं उत्तर दत्तरावांच्या चरित्रात आहे.

मंडळ निघालं तेव्हा सहा क्लब होते आणि एकच श्रेणी होती, प्रथम. नियम दत्तरावांनीच लिहिले: जो शेवटचा येईल त्यानं खालच्या श्रेणीत जायचं. लिहिताना शेवटचं कोण येणार हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. नवज्योत शेवटचा आला. तेव्हा दत्तरावांनी सभा बोलावली, घसा खाकरला आणि म्हणाले, "गड्यांनो, कुणाला खाली ढकलायचं ही आपली रीत न्हाई. आपण असं करू, बाकीच्यायला वर नेऊ." टाळ्या पडल्या. वर जायला कोण नको म्हणतो? पाच क्लब वर गेले, त्या मजल्याला सुपर असं नाव दिलं, आणि नवज्योत होता तिथंच राहिला. प्रथम श्रेणीत आता तो एकटाच उरला, म्हणून त्या वर्षीचा विजेताही तोच ठरला. हलगी लावून मिरवणूक निघाली. दत्तराव उघड्या जीपमध्ये उभे होते. कुसुमबाईंनी ती खिडकीतून पाहिली आणि खिडकी लावून घेतली.

पुढं नवे क्लब आले. ते प्रथम श्रेणीत दाखल व्हायचे, नवज्योतला हरवायचे आणि वर जायचे. गर्दी झाली की वर आणखी एक मजला चढवायचा. जिल्ह्याचा फुटबॉल असा नुसता वरच्या बाजूनं वाढत गेला आणि दत्तराव तळमजल्यावर खुर्ची टाकून बसून राहिले. तिथं येणारा प्रत्येक क्लब नवा, त्यामुळं प्रत्येकाला ते थोर वाटायचे. नारळ त्यांनी फोडायचा, भाषण त्यांनी करायचं. भाषणात एक वाक्य ठरलेलं: "तीस वर्षांत आपली टीम एकदा बी खाली गेली न्हाई!"

लोक यावर मान डोलवायचे. परभणीतल्या लोकांबद्दल कुसुमबाईंचं जे मत होतं ते मुख्यतः या मान डोलवण्यावरून झालेलं होतं.

अशा या क्लबला दोन वर्षांपूर्वी सुकेशनी मिळाली. सुकेशनी ही कुसुमबाईंच्या मुलीची मुलगी. आई-वडील दोघं पालमला शिक्षक, ही बी.पी.एड. करायला आजीकडं आली आणि राहिली. नवज्योतला शिकवायला दुसरं कुणी मिळत नव्हतं, म्हणून दत्तरावांनी तिला प्रशिक्षक केली, आणि ते उपकार म्हणून सगळीकडं सांगितलं. पोरीनं मात्र खरंच काम केलं. पोरांना पहाटे उठवलं, पळवलं, चेंडू जमिनीवर ठेवायला शिकवलं. यंदा नवज्योत जिंकायला लागला. प्रथम श्रेणीत यंदा तीन क्लब होते, आणि शेवटचा सामना झरी गावच्या क्लबशी. जिंकला तर नवज्योत वर सुपर श्रेणीत. बरोबरी झाली तरी झरी वर.

सुकेशनीला तो सामना हवा होता त्याला कारण होतं. गावातल्या एका खाजगी संस्थेत क्रीडाशिक्षकाची जागा निघाली होती. संस्थेचे सचिव तिला म्हणाले होते, "पोरायला पोरगी काय शिकवणार, ताई? तुमी एखादा क्लब एक श्रेणी वर नेऊन दाखवा, मग जागा तुमची." सचिवांना वाटलं होतं, नवज्योत म्हणजे चिंताच नाही. जागेसाठी त्यांचा भाचा तयारच होता.

हे सगळं दत्तरावांना माहीत होतं. तरीही त्या रविवारी, कुसुमबाईंच्या घरात पाटावर बसून भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "वर जाऊन करायचं काय, बाई? वरचे लोक लय घाण खेळायलेत. नुसते नडगीवर मारतेत."

"मारू द्या, आबा. नोकरी लागंल ना मला," सुकेशनी म्हणाली.

"नोकरी काय, आज न्हाई तर उद्या. तू आपल्या घरची पोरगी. इज्जतीनं खाली हावोत तेच बेस हाय."

"आबा, एक विचारू? यंदा मानाची दहा मिनिटं सोडता का?"

दत्तरावांचा घास हातात राहिला. मंडळाचा रिवाज असा होता की श्रेणीतल्या शेवटच्या सामन्याला दोन्ही क्लबांच्या अध्यक्षांनी पहिली दहा मिनिटं स्वतः खेळायचं. पाहुणा म्हणून नव्हे, अकरातला एक होऊन. आधी कधीतरी एका अध्यक्षाला पहिली लाथ मारायचा मान दिला, दुसरा रुसला, तिसऱ्यानं जास्त मागितला, असं वाढत वाढत ते दहा मिनिटांवर आलं होतं. दुसरीकडं नारळ आणि शाल यांच्यावर भागतं. इथं जर्सी लागायची.

"मान सोडू?" दत्तराव म्हणाले. "मंग माणसाजवळ राहायलंय काय?"

"बरं, नका सोडू. पण दहा झाली की बाहेर या. तुमच्या जागी धम्मानंद जाईल." धम्मानंद हा नवज्योतचा गोल करणारा एकमेव भरवशाचा गडी.

"दहा म्हंजे दहा. शब्द हाय आपला. वैनी, भाजीत मीठ कमी पडलंय बरं का."

मीठ बरोबर होतं.

पुढच्या रविवारी कुसुमबाई ऑटोनं मैदानावर गेल्या. घडीची खुर्ची, छत्री आणि पाण्याची बाटली बरोबर. मैदान म्हणजे मोठ्या मैदानाच्या मागची मोकळी जागा. चुन्याच्या फक्कीनं रेघा ओढलेल्या, आणि एका कोपऱ्यात कुणाची तरी म्हैस. शे-सव्वाशे माणूस जमलं होतं. झरीहून दोन टेम्पो भरून आले होते. पंच होते तात्याराव, दत्तरावांचे येलदरीचे जुने सोबती. त्यांना पळणं होत नसे, म्हणून ते मधल्या वर्तुळात उभे राहून अंदाजानं शिटी वाजवत. रेषेवरचे दोघं मात्र पालमहून बोलावलेले तरणे होते आणि त्यांनी काहीतरी परीक्षा दिलेली होती.

दत्तराव आले ते निळ्या ब्लेझरमध्ये. दहा नंबरची जर्सी त्यांनी ब्लेझरवरूनच चढवली, कारण ब्लेझर काढला असता तर खिशावरचं सोनेरी नक्षीचं नाव दिसलं नसतं. आणि जर्सी चढवल्यावर ते नाव झाकलं गेलं, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. मग त्यांनी नारळ फोडला, भाषण केलं, तीस वर्षांचं वाक्य म्हटलं. लोकांनी मान डोलवली.

शिटी झाली. झरीचे अध्यक्ष, एक जाडजूड बागायतदार, दहा मिनिटं मैदानात उभ्या उभ्या मोबाइलवर उसाच्या तोडीबद्दल बोलले आणि वेळ होताच बाहेर निघून गेले. त्या माणसाला आपण तिथं कशाला आहोत याचा पत्ता नव्हता, पण निदान तो असल्याचा आव त्यानं आणला नाही. दत्तराव मात्र सुरुवातीलाच चालत चालत झरीच्या गोलापाशी गेले आणि झरीच्या गोलकीपरच्या पुढ्यात, हात मागं बांधून, उभे राहिले.

दहा मिनिटं झाली. सुकेशनीनं नंबराची पाटी वर धरली. धम्मानंद उड्या मारत तयार. दत्तरावांनी पाटीकडं पाहून, कुणी नमस्कार केल्यासारखा, हात हलवला.

"आबा! या की बाहेर!"

दत्तरावांनी कानाला हात लावला.

सुकेशनी रेषेवरून ओरडली, "तात्यासाहेब, त्यांना काढा ना बाहेर!"

तात्याराव सावकाश रेषेपर्यंत आले. "असं हाय बाई, गडी आपल्या खुशीनं बाहेर आला तर बदली. न्हाई म्हणला तर जबरी करता येत न्हाई. कायदा हाय तसा." आयुष्यात पहिल्यांदा तात्याराव कायदा बरोबर सांगत होते, आणि तो नेमका त्या दिवशी सांगायला नको होता.

नवज्योत म्हणजे आता दहा पोरं आणि एक ब्लेझर असा खेळायला लागला. तरी पोरं नेटानं खेळली. अर्ध्या तासाच्या सुमाराला मधल्या फळीतल्या एकानं लांबून फटका मारला. चेंडू दत्तरावांच्या कानाजवळून गेला आणि जाळीत शिरला. एकच ओरडा झाला. आणि पालमच्या तरण्यानं बावटा वर केला. ऑफसाइड. गोल रद्द.

ऑफसाइड समजायला अवघड आहे असं लोक म्हणतात, पण कुसुमबाईंच्या वडलांनी तो शेंगांच्या टरफलांवर समजावला होता. तुमचा गडी जर समोरच्यांच्या सगळ्या बचाववाल्यांच्या पलीकडं, एकट्या गोलकीपरजवळ उभा असेल, आणि तिथं उभा राहून गोलकीपरची नजर अडवत असेल, तर तुमचा गोल धरत नाहीत. एवढंच. म्हणजे तिथं आपला एक माणूस खांबासारखा उभा असेपर्यंत लांबून कितीही मारा, उपयोग नाही.

"म्हातारबाबाला काय कळतंय बिचाऱ्याला," कुसुमबाईंच्या मागून कुणीतरी हसत म्हणालं.

"ए आबा, सावलीला उभं राहा, ऊन लागंल!"

"राहू दे रे, खांब मोडला तर कामाला येतील!"

सुकेशनी रेषेवरून हातवारे करून सांगत होती, मागं या, मागं या. दत्तराव तिच्याकडं पाहून प्रेमळ हसत होते. कुसुमबाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. मूर्ख माणूस आणि तसं सोंग करणारा माणूस यांत थोडा फरक असतो, आणि दिराच्या बाबतीत तो शोधायची आपल्यावर कधी वेळ येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी आजवर त्यांना सरळ मूर्खातच धरलं होतं.

मध्यंतर झालं. दत्तराव मैदानाबाहेर आलेच नाहीत. चहा तिथंच मागवला, फक्कीच्या रेघेवर बसून प्यायले. सुकेशनी त्यांच्याजवळ गेली, उकिडवी बसून काहीतरी बोलली, हात जोडले. दत्तरावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जागचे हलले नाहीत. ती परत आली तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. "पाय दुखत न्हाईत म्हणे आबाचे," ती आजीला म्हणाली. "अंगात आलंय म्हणे खेळणं."

दुसरा डाव सुरू होताना बाजू बदलतात. झरीचा गोल आता मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. अडाणी माणूस होता तिथंच उभा राहिला असता, आपल्याच गोलकीपरच्या सोबतीला, आणि मग त्याचा कुणालाच त्रास नव्हता. दत्तराव उठले, कपडे झटकले आणि अख्खं मैदान पायी ओलांडून दुसऱ्या टोकाला निघाले. मधे एकदा थांबून त्यांनी झरीचे बचाववाले कुठं उभे आहेत ते नीट पाहिलं, त्यांच्या चार पावलं पलीकडं गेले, आणि गोलकीपरच्या बरोब्बर पुढ्यात, हात मागं बांधून, उभे राहिले.

अकरा वर्षं बावटा धरणाऱ्या माणसाला फुटबॉलमधलं दुसरं काही येत नसेल, पण ही एक जागा मात्र त्याला अंधारातही सापडली असती.

थोड्या वेळानं पुन्हा एक फटका जाळीत गेला, पुन्हा बावटा वर झाला. या वेळी लोक हसले नाहीत, शिव्या द्यायला लागले. धम्मानंद रेषेवर बसून गवत उपटत होता. शून्य-शून्य. झरीवाले वेळ काढायला लागले होते. बरोबरी त्यांना पुरत होती.

कुसुमबाई उठल्या. खुर्ची घडी केली, कारण लोकांच्या भरवशावर त्या काही सोडत नसत, आणि छत्री टेकत मैदानाच्या कडेनं चालत चालत झरीच्या गोलामागं जाऊन उभ्या राहिल्या. तिथं जाळीचा वास होता. चेंडू तेव्हा दुसऱ्या टोकाला होता आणि गोलकीपरही पुढं सरकून तिकडंच बघत होता.

"भाऊजी," त्या जाळीतून म्हणाल्या.

दत्तराव दचकले. "वैनी? इकडं कामून आल्या उन्हाचं?"

"इकडं या जरा. जाळीजवळ."

"सामना चालूये की, वैनी."

"तुम्ही कुठं खेळताय? या."

दत्तराव दोन पावलं मागं आले. जाळीच्या अलीकडं ब्लेझर आणि पलीकडं छत्री.

"मला ऑफसाइड कळतो," कुसुमबाई म्हणाल्या. "तुम्ही येलदरीला बावटा धरायला लागलात त्याच्या आधीपासून कळतो."

दत्तरावांनी घाईनं इकडंतिकडं पाहिलं.

"बचाववाले बघून, पावलं मोजून उभे राहिलात तुम्ही. मी बघितलं."

"हळू बोला, वैनी."

"पोरीची नोकरी जाते आहे. स्वतःच्या भावाच्या नातीची."

"तसं न्हाई वो," दत्तरावांचा आवाज खाली आला. "तुमी समजून घ्या. वर गेलो तर पुढच्या साली पडणार. पडणारच. तिथली पोरं आपल्याला फाडून खातील. मंग लोक म्हणतील, दत्तरावाची टीम खाली आली. तीस वर्षांत एकदा बी..."

"तीस वर्षं पडला नाहीत, कारण खाली जागाच नव्हती. पडणार कुठं होतात?"

जाळीपलीकडं दत्तरावांचा चेहरा जरा ओघळल्यासारखा झाला. "वर मला कोण वळखतंय, वैनी? तिथं दुकानवाले, पैसेवाले. नारळ बी त्यायचा, खुर्ची बी त्यायची. हितं माझ्याबिगर सामना सुरू होत न्हाई. म्हातारपणी माणसानं जावं कुठं?"

क्षणभर कुसुमबाईंना त्यांच्यात आपल्या नवऱ्याचं नाक दिसलं. पण नाक एका घरचं असलं म्हणून पुढचं सगळं माफ करावं असं त्यांना वाटलं नाही.

"बाहेर जा," त्या म्हणाल्या. "आत्ता. मी कुणाला सांगणार नाही."

"सुकेशनीला?"

"नाही."

"पोरायला?"

"कुणालाच नाही म्हटलं ना."

दत्तराव थोडे घुटमळले. "डायरीत?"

"डायरीत काय लिहायचं ते माझं मी बघीन. निघा."

दत्तरावांनी एकदा मैदानाकडं पाहिलं. मग एकदम मांडी धरली, "अगं आईगं" असं खणखणीत ओरडले आणि लंगडत निघाले. रेषेपर्यंत पोचेतो ते दोनदा पाय बदलून लंगडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी वैतागून, पण दत्तरावांना टाळ्यांतला फरक कळत नसे. धम्मानंद वाऱ्यासारखा आत गेला.

आता यापुढचं कुसुमबाईंना आवडलं नाही, पण घडलं ते घडलं. झरीचा गोलकीपर तासाहून जास्त वेळ दत्तरावांच्या आडून खेळला होता. ब्लेझरच्या डाव्या बाजूनं वाकून चेंडू बघायची त्याच्या अंगाला सवय लागली होती. शेवटच्या मिनिटांत धम्मानंदनं चेंडू घेतला, एकाला चकवलं आणि मारलं. समोर आता कुणीच नव्हतं, सगळं लख्ख दिसत होतं, तरी तो गोलकीपर सवयीनं डावीकडं वाकला. चेंडू उजवीकडून गेला. बावटा खालीच राहिला.

सामना संपला तेव्हा सुकेशनी मैदानात बसून रडत होती आणि धम्मानंद तिच्या डोक्यावर पाणी ओतत होता. दत्तराव तोवर लंगडणं विसरले होते.

संध्याकाळी अख्खा संघ कुसुमबाईंच्या घरी आला. सुकेशनीनं बाहेर उभं राहून सचिवांना फोन लावला, कानाला लावून नुसतं "हो सर, हो सर" म्हणत राहिली. आत येऊन म्हणाली, "उद्याच कागदं घेऊन या म्हणले. भाच्यासाठी दुसरीकडं बघतो म्हणले." पोरांनी आरडाओरडा केला. कुसुमबाईंनी तिला जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला आणि चहा टाकायला वळल्या.

खुर्चीत दत्तराव बसले होते. जर्सी काढलेली, ब्लेझरवरचं नाव आता सगळ्यांना दिसत होतं.

"तुमाला वाटलं म्हातारा येडा झाला," ते पोरांना सांगत होते. "शिव्या दिल्या का न्हाई? दिल्या. मी ऐकून घेतल्या. पण डाव काय होता? त्या गोलकीपरला एक बाजू लावून टाकायची. तासभर लावली. बदली कधी घ्यायची ते बी माझ्या डोक्यात पक्कं होतं. आणि मंग धम्म्याला आत सोडला!"

मग धम्मानंद सावकाश म्हणाला, "ते खरंय पण. तो डावीकडंच वाकला."

"वाकला का न्हाई?"

"वाकला, आबा."

सुकेशनी उठली आणि दत्तरावांच्या पाया पडली. "मला वाटलं होतं तुमी मुद्दाम करायलाव, आबा. माफ करा."

दत्तरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. दारात कुसुमबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या नजरेत आधी थोडी भीती होती. मग ती गेली, आणि तिच्या जागी नेहमीचं ते प्रसन्न हसू आलं, जे पाहिलं की कुसुमबाईंच्या हातातल्या कपबशा वाजायला लागायच्या.

"वैनी, तुमी सांगा," दत्तराव म्हणाले. "तुमाला खेळ कळतो. बरोबर होता का न्हाई माझा डाव?"

सगळ्यांनी कुसुमबाईंकडं पाहिलं. सुकेशनीचे डोळे अजून ओले होते.

"चहा घ्या," कुसुमबाई म्हणाल्या. "गार होतोय."

"बगा," दत्तराव पोरांकडं वळले. "वैनी न्हाई म्हणल्या न्हाईत."

रात्री जेवणं झाल्यावर दत्तराव एकदाचे गेले. जाताना, सुपर श्रेणीच्या पहिल्या सामन्याला पाहुण्या क्लबच्या अध्यक्षाला कुठली खुर्ची द्यायची यावर मंडळात ठराव मांडणार असल्याचं सांगून गेले. सुकेशनी कागदपत्रं गोळा करत बसली होती. कुसुमबाईंनी चष्मा पुसला, डायरी उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: संध्याकाळी गॅस संपला. दुसरी टाकी लावली. रबरी नळीला चीर गेली आहे, बदलून घ्यायला हवी.